‘स्कॅम १९९२’ बघताना शेजारी वही ठेवा

‘स्कॅम १९९२’ ही शेअर दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्यावरची मालिका तुमची कदाचित एकदा बघून झाली असेल. ऑक्टोबर २०२० मध्ये सोनीलिव्हवर ती आली तेव्हा तिची धून ज्याच्या त्याच्या मोबाइलवर वाजत होती. तरीही मी म्हणते, दहाच्या दहा भाग पुन्हा बघा, आणि या वेळी वही-पेन घेऊन बसा.

मी बँकेत नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं फोर्टमधल्या एका कार्यालयात, गुंतवणूक खात्याच्या मागच्या टेबलावर गेली. सौदे करणारे साहेब आतल्या खोलीत बसायचे. सौदा झाला की त्याचे कागद आमच्याकडे यायचे. ते नोंदवायचे, सह्या ताडून बघायच्या आणि संध्याकाळी मेळ घालायचा, हे आमचं काम. मालिकेतली पात्रं ज्या ‘बीआर’चं, म्हणजे बँकेने दिलेल्या पावतीचं, नाव भराभर घेतात, तसे कागद मी हातात धरलेले आहेत. त्यामुळे ही मालिका मी त्या कागदाच्या मागे मागे जात बघते, आणि तुम्हीही तशीच बघावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कारण सांगते. माझी भाची फोनवर ऑप्शन्सचे सौदे करते, हुशार आहे. मालिका संपल्यावर ती म्हणाली, “मावशी, त्याने तर फक्त सिस्टीममधल्या पळवाटा वापरल्या.” हे वाक्य मी नंतर इतक्या तरुण मुलांकडून ऐकलं की मला राहवेना. प्रतीक गांधीने हर्षद मेहता असा उभा केला आहे की त्याच्यावर राग धरणं अवघड जातं. हन्सल मेहतांचं दिग्दर्शन उत्तम आहे, लिखाण उत्तम आहे. पण गोष्ट वेगाने पळते आणि पैसा नेमका कुठून कुठे गेला, हे बघणाऱ्याच्या हातून निसटतं. वही त्यासाठी.

वहीचं पान आडवं धरा आणि तीन रकाने आखा. पहिला, पैसा कोणाचा. दुसरा, कागद कुठे आहे. तिसरा, पैसा किती दिवसांनी परत करायचा आहे. मालिकेत कुठलाही मोठा व्यवहार झाला की थांबवायचं आणि तिन्ही रकाने भरायचे. एखादा रकाना भरता आला नाही तर तो रिकामा सोडा, पण त्याच्यासमोर लाल खूण करा. शेवटी या लाल खुणाच तुमच्या कामाला येणार आहेत.

बघायला बसण्याआधी एक पान तारखांसाठी ठेवा. सेन्सेक्स २५ जुलै १९९० ला पहिल्यांदा १,००० च्या वर गेला. २,००० गाठायला त्याला १५ जानेवारी १९९२ उजाडावा लागला, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. मग २९ फेब्रुवारीला, डॉ. मनमोहन सिंग यांच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी, ३,०००. ३० मार्चला ४,०००. आणि २२ एप्रिल १९९२ ला ४,४६७. दुसऱ्या दिवशी, २३ एप्रिलला, पत्रकार सुचेता दलाल यांची या घोटाळ्याची बातमी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आली. या तारखा एकाखाली एक लिहिल्या की दिसतं, पहिल्या हजारानंतरच्या दुसऱ्या हजाराला दीड वर्ष लागलं आणि पुढचे दोन हजार अडीच महिन्यांत उरकले. उदारीकरणाचा उत्साह होता हे खरं. पण एवढा रोख पैसा बाजारात आणला कोणी, हा प्रश्न तारखांचं हे पान बघूनच पडायला हवा.

मालिकेची सुरुवात वर्तमानपत्राच्या कचेरीत होते. स्टेट बँकेतला एक घाबरलेला माणूस बातमी द्यायला येतो. शारिब हाश्मीने केलेलं हे शरद बेल्लारीचं पात्र माझं सर्वांत आवडतं. एवढं मोठं प्रकरण बाहेर यायला कारण काय, तर खात्यांचा मेळ बसत नव्हता. बँकेच्या पुस्तकात सरकारी रोखे, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाचे कागद, दिसत होते, रिझर्व्ह बँकेच्या पुस्तकात ते नव्हते. मागच्या टेबलावर काम केलेल्या कुणालाही तो प्रसंग बघताना पोटात कालवल्यासारखं होईल. तिथे वहीत पहिली नोंद करा: पैसा स्टेट बँकेचा, कागद नाही, दिवस उलटून गेलेले. मग गोष्ट मागे जाते आणि हर्षदची उमेदवारीची वर्षं सुरू होतात.

त्या सुरुवातीच्या भागांत वहीची फारशी गरज नाही. शेअर बाजाराचं जुनं रिंगण, ओरडून होणारे सौदे, रिंगणात उभं राहून सतत घेणारे-विकणारे जॉबर, भाव चढण्यावर पैसे लावणारे तेजीवाले आणि पडण्यावर लावणारे मंदीवाले, हे सगळं डोळे भरून बघा. आता ते रिंगण राहिलं नाही. सतीश कौशिक यांचा मनू मुंद्रा हा त्या काळातल्या मनू माणेक या बड्या मंदीवाल्यावर बेतलेला आहे. नावं काही ठिकाणी अशी बदललेली आहेत, तेवढं लक्षात ठेवा. ‘बदला’ हा शब्द कानावर पडेल. घेतलेल्या शेअरचे पैसे आज न देता व्याज भरून सौदा पुढच्या सेटलमेंटवर, म्हणजे पुढच्या हिशेब-फेडीच्या तारखेवर, ढकलायचा, एवढाच त्याचा अर्थ. ही पद्धत २००१ मध्ये बंद झाली. यापेक्षा जास्त त्यात अडकू नका. घोटाळ्याचं मूळ या रिंगणात नाही, ते बँकांमध्ये आहे.

हर्षद मनी मार्केटमध्ये, म्हणजे बँकांच्या थोड्या मुदतीच्या पैशांच्या बाजारात, शिरतो तिथून मात्र पेन हातात घ्या. इथे मी जरा सावकाश सांगते.

त्या काळी बँकांना आपल्या ठेवींच्या ३८.५ टक्के रक्कम सरकारी रोखे आणि तत्सम गोष्टींत ठेवावी लागे. हीच ती एसएलआर. शिवाय रोख राखीव वेगळी. याचा हिशेब दर पंधरवड्याच्या शुक्रवारी द्यावा लागे, आम्ही त्याला ‘रिपोर्टिंग फ्रायडे’च म्हणायचो. एखाद्या बँकेकडे रोखे जास्त आणि रोकड कमी, दुसऱ्या बँकेकडे रोकड भरपूर आणि रोखे कमी. दोघांनी पंधरा दिवसांपुरती अदलाबदल केली की दोघांचंही भागतं. याला ‘रेडी फॉरवर्ड’ म्हणतात. आज रोखे विकायचे आणि त्याच वेळी ठरवून टाकायचं की पंधरा दिवसांनी अमुक भावाला परत घेईन.

वहीत एक नमुना सोडवून बघा. पहिल्या बँकेला १०० कोटी हवेत. ती १०० कोटींचे रोखे दुसऱ्या बँकेला देते आणि पंधरा दिवसांनी १०० कोटी ६० लाखांना परत घ्यायचं कबूल करते. ते ६० लाख म्हणजे व्याज, वर्षाला साधारण १५ टक्क्यांच्या हिशेबाने. नाव खरेदी-विक्रीचं, पण प्रत्यक्षात हे तारणावरचं कर्ज आहे. रकाने भरा: पैसा दुसऱ्या बँकेच्या ठेवीदारांचा, कागद त्या बँकेच्या ताब्यात, मुदत पंधरा दिवस. तिन्ही रकाने भरले गेले, लाल खूण नाही. व्यवहार चोख.

पण रोखे हातोहात देण्याची पद्धत नव्हती. सरकारी रोख्यांची नोंद रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयात, पीडीओत, एका खातेवहीत असे. तिला एसजीएल म्हणत. विकणाऱ्याने एसजीएल फॉर्म भरून द्यायचा, पीडीओने नोंद फिरवायची. ते काम हाताने चाले आणि उशीर होई. मग बँकांनी सोपा रस्ता काढला. विकणारी बँक एक पावती देई: तुमचे पैसे पोचले, रोखे आमच्याकडे तुमच्या नावाने राखून ठेवले आहेत, यथावकाश देऊ. हीच बँक रिसीट, म्हणजे बीआर. एक साधा छापील कागद, दोन अधिकाऱ्यांच्या सह्या, बँकेचा शिक्का. आमच्याकडे तो आला की नमुना सह्यांच्या पुस्तकातून सही ताडायची आणि फाइलला लावायचा. सही खरी आहे का हे आम्ही बघू शकत होतो. त्या बँकेच्या तिजोरीत रोखे आहेत का हे बघायचा मार्ग आमच्या टेबलावर नव्हता.

मालिका इथे थोडा वेळ थांबवून हा शेवटचा मुद्दा वहीत लिहाच. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता मध्ये दलाल येतो. त्याचं खरं काम दोन बँकांची गाठ घालून दलाली घेण्याचं. पण हळूहळू असं झालं की विकणारी बँक कोण हे घेणारीला कळेना आणि घेणारी कोण हे विकणारीला. दोघींचा व्यवहार फक्त दलालाशी. धनादेश मात्र बँकेच्या नावाने निघत, कारण नियमाने व्यवहार बँकेशीच व्हायला हवा. तो धनादेश दलालाच्या बँकेच्या नावाने निघे, सोबत दलालाचं पत्र जाई आणि रक्कम त्याच्या चालू खात्यात जमा होई. मोठ्या, विश्वासातल्या ग्राहकांना दिलेली सोय म्हणून हे चालत होतं. नॅशनल हाउसिंग बँकेचे धनादेश एएनझेड ग्रिंडलेजच्या नावाने निघाले आणि पैसे पोचले हर्षद मेहताच्या खात्यात. त्याचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. मालिकेत धनादेश दिसला की थांबवा आणि बघा, नाव कोणाचं आहे आणि जमा कुठे झाला. ही दोन नावं वेगळी निघाली की लाल खूण.

हे ज्यांना अजून जड जातंय त्यांनी भिशी आठवावी. भिशीचे पैसे ज्याच्याकडे जमा होतात, त्याने मधल्या दिवसांत ते स्वतःच्या धंद्यात फिरवले आणि तारखेला आणून दिले, तर कुणाला कळतही नाही. पण पैसे भिशीतल्या बायकांचे होते, त्याचे नव्हते, आणि जोखीम त्यांच्या माथी होती.

पंधरा दिवस हातात शेकडो कोटी. ते गेले दलाल स्ट्रीटवर, म्हणजे मुंबईच्या शेअर बाजारात. एसीसी या सिमेंट कंपनीच्या शेअरचा भाव साधारण २०० रुपयांवरून ९,००० च्या घरात गेला. त्याला तर्क दिला गेला ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’चा: असा सिमेंट कारखाना आज नव्याने उभारायचा तर किती खर्च येईल, त्यावर शेअरची किंमत ठरवा. मालिकेत हे बोलणं आकर्षक वाटतं. वहीत मात्र एवढंच लिहा: पैसा बँकांचा, पंधरा दिवसांचा, आणि लावला कशात, तर ज्याचा भाव आपणच खरेदी करून चढवतोय त्यात. मुदत आली की दुसऱ्या बँकेकडून नवे पैसे उचलून पहिल्या बँकेचे फेडायचे. बाजार चढता आहे तोवर हे चक्र फिरतं. म्हणून त्याला तेजी थांबून चालणारच नव्हतं. हे उमगलं की त्याची घाई, मोठमोठी बोलणी, वरळीचं घर, परदेशी गाडी या सगळ्याकडे बघण्याची नजर बदलते. बाजाराचा विश्वास टिकवणं ही त्याची रोजची गरज होती.

आणि मग शेवटची पायरी. मागे रोखेच नसलेली बीआर. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन लहान बँकांनी दलालांसाठी अशा पावत्या दिल्या. मोठ्या बँकांनी त्या घेतल्या आणि पैसे मोजले. मोठा फटका बसलेल्यांत स्टँडर्ड चार्टर्ड होती. तुमच्या वहीत या ओळीचा दुसरा रकाना कोराच राहील.

कराडचं नाव मालिकेत येऊन जातं, पण आपण मराठी माणसांनी तिथे थोडं रेंगाळावं. ती आपल्या सातारा जिल्ह्यातली बँक. तिथल्या ठेवीदारांना दलाल स्ट्रीट कुठे आहे हेही ठाऊक असायचं कारण नव्हतं. १९९२ मध्येच ती बुडाली, आणि पुढे १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियात विलीन झाली. कुणी ‘यात सामान्य माणसाचं काय गेलं’ असं म्हणालं, तर कराडचं नाव घ्या. आणि जे सामान्य लोक मार्च-एप्रिलमध्ये शिखरावर शेअर घेऊन बसले, त्यांनी वर्षभरात सेन्सेक्स निम्म्याच्या आसपास आलेला बघितला.

आता भाचीच्या ‘पळवाटां’बद्दल. रिझर्व्ह बँकेने जुलै १९९१ मध्येच परिपत्रक काढून बीआरच्या वापराबद्दल बँकांना बजावलं होतं. बीआर दुसऱ्याच्या नावावर फिरवायचा कागद नव्हता. दलालाच्या स्वतःच्या खात्यासाठी रेडी फॉरवर्ड करायची परवानगी नव्हती. नियम लिहिलेले होते, ते मोडले गेले. पळवाट असती तर खोट्या पावतीची गरजच पडली नसती. तुमच्या लाल खुणांपैकी प्रत्येकीशी कुठल्यातरी अधिकाऱ्याची सही आहे, हे मला फार टोचतं. आमच्यासारख्याच टेबलांवर बसणाऱ्या माणसांच्या सह्या. हर्षद एकटा होता का? नाही. इतर दलाल होते, परदेशी बँका होत्या, सरकारी कंपन्यांचा पैसा होता. मालिकेत हे सगळं आहे, आणि तो एकटाच नव्हता हे तिचं म्हणणं योग्य आहे. पण त्याने त्याचा वाटा कमी होत नाही.

बघताना आणखी एक सवय लावून घ्या. संगीत चढलं, हर्षद जिंकला, की लगेच पुढचा भाग लावू नका. त्याच क्षणी वही उघडा. भावनेच्या भरात आपण रकाने भरायचे राहून जातो आणि नेमके तेच व्यवहार महत्त्वाचे असतात.

शेवटच्या भागांतलं राजकारण, १९९३ च्या जूनमधली ती पत्रकार परिषद, पंतप्रधान नरसिंह राव यांना एक कोटी दिल्याचा त्याचा दावा, जो राव यांनी नाकारला, हे नाट्य म्हणून जबरदस्त आहे. वहीला त्यात काही काम नाही. त्यापेक्षा श्रेया धन्वंतरीने केलेल्या सुचेता दलाल कशा काम करतात ते बघा. एक बातमी मिळाली की त्या दुसरीकडून खात्री करतात, कागद मागतात. मला तर वाटतं, वहीचे तीन रकाने त्यांच्याही डोक्यात असणार.

दहावा भाग संपला की सगळ्या लाल खुणा मोजा. मग जानकीरामन समितीचं नाव वहीत लिहा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल १९९२ अखेर नेमलेल्या या समितीने व्यवहार तपासून सुमारे ४,००० कोटी रुपयांची गडबड समोर आणली. मालिकेत समित्यांचा उल्लेख झरझर जातो, पण हे किचकट काम कुणीतरी पावती-पावती लावून केलं. पुढे खास न्यायालयाने १९९९ मध्ये मारुती उद्योगच्या पैशांच्या खटल्यात हर्षदला पाच वर्षांची शिक्षा दिली. ३१ डिसेंबर २००१ ला तो ठाण्यात, कोठडीत असताना गेला. बरेच खटले तेव्हा बाकी होते.

त्यानंतर जे बदललं तेही एका पानावर उतरवा, कारण आज तुम्ही जे ॲप उघडता ते त्यातूनच आलं आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला १९९२ मध्ये कायद्याचं बळ मिळालं. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज १९९४ मध्ये सुरू झालं आणि सौदे पडद्यावर गेले. सरकारी रोख्यांत १९९५ पासून कागद आणि पैसा एकाच वेळी हात बदलू लागले. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअर डीमॅट झाले, म्हणजे कागद जाऊन संगणकावरच्या नोंदी आल्या. म्हणजे एकेक करून दुसरा रकाना भरायची सोय झाली.

तीच वही स्वतःच्या खात्याला लावून बघा. तुमच्या नावाचे शेअर दलालाच्या ॲपवर दिसतात ते एक, आणि एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांकडून ईमेलने येणारं एकत्रित विवरणपत्र ते दुसरं. दोन्ही शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडा. उधारीवर, मार्जिनवर घेतलं असेल तर तिसरा रकाना भरा, किती दिवसांचा पैसा आहे. भाचीने हे माझ्यासमोर बसून केलं. विवरणपत्र येत होतं, तिने कधी उघडलं नव्हतं. आता उघडते.

या वहीची पानं उरली तर ‘स्कॅम २००३’ लावा. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यावरची ही मालिका सप्टेंबर २०२३ मध्ये आली, गगन देव रियारने तेलगी छान केला आहे. तिथे चौथा रकाना वाढवावा लागेल: कागद छापला कोणी. नाशिकच्या सरकारी छापखान्याचा उल्लेख येईल, तिथून नोंदी सुरू करा.